सरकारी कार्यालयांशी व्यवहार करणारा कर्मचारी कसा तयार करावा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लोखंडी कपाटे आणि शाळांची बाके तयार करण्याचा छोटा कारखाना आहे आणि आमचे बहुतेक गिऱ्हाईक सरकारी आहे. या कामावर नवा माणूस घेतला की पहिले दोन महिने मी त्याला विक्री शिकवत नाही, कागद शिकवतो.

सुरुवात एका फरकापासून करावी. मार्केट यार्डातला व्यापारी फोनवर भाव ठरवून संध्याकाळी माल मागवू शकतो. सरकारी अधिकाऱ्याची कितीही इच्छा असली तरी त्याला नियमाबाहेर जाऊन एक खुर्चीही घेता येत नाही. राज्याच्या उद्योग विभागाचा 1 डिसेंबर 2016 चा खरेदीविषयक शासन निर्णय छापून, त्यानंतर झालेल्या दुरुस्त्यांसह, कर्मचाऱ्याच्या हाती द्यावा आणि रोज थोडा थोडा वाचून घ्यावा. लिपिक एखादा कागद अडवतो तेव्हा पुढच्या लेखापरीक्षणातला आक्षेप बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर असतो, हे ज्याला उमगले त्याची चिडचिड निम्मी कमी होते.

पुढचा टप्पा निविदा वाचण्याचा, आणि याला सर्वाधिक वेळ द्यावा. ज्या निविदेत आपण तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधी कागदपत्रे तपासतानाच, बाद झालो होतो, अशी एखादी जुनी निविदा कर्मचाऱ्यापुढे ठेवावी आणि बाद होण्याचे कारण न सांगता ते त्यालाच शोधायला लावावे. मुदतीच्या तारखा, पूर्वबोली बैठक (निविदा भरण्याआधी शंका विचारण्याची बैठक), बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत), उलाढालीची अट, मागितलेली प्रमाणपत्रे, ही सर्व माहिती त्याने स्वतःच्या हाताने एका कागदावर उतरवली पाहिजे. शुद्धिपत्रक, म्हणजे निविदेतील बदलांची सूचना, निघाले आहे का, हे मुदत संपेपर्यंत रोज पाहायचे असते. मूळ निविदा पाठ असलेला माणूससुद्धा इथे फसतो.

महाटेंडर्स या राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर दरपत्रकाची एक्सेल फाइल भरावी लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका मुलाने नीटनेटकेपणाच्या हौसेने त्या फाइलला आमच्या कारखान्याचे नाव दिले, दर अचूक भरले आणि मुदतीच्या शेवटच्या तासात ती चढवायला बसला. संकेतस्थळाने फाइल नाकारली आणि कारण कळेपर्यंत वेळ संपली. तेव्हापासून फाइलचे नाव आहे तसेच ठेवायचे, मोकळ्या ठेवलेल्या रकान्यांतच भरायचे आणि निविदा आदल्या दिवशी सादर करायची, असा आमचा दंडक आहे. डिजिटल स्वाक्षरीची मुदत कधी संपते, ती तारीख त्या स्वाक्षरीचे यूएसबी टोकन ठेवण्याच्या खणावरच चिकटवलेली आहे.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची केंद्राकडची नोंदणी) असली की बयाणा माफ, असे नवे लोक धरून चालतात. सूक्ष्म व लघु उद्योगांना ही सवलत देणारे केंद्राचे 2012 चे खरेदी धोरण केंद्रीय मंत्रालयांना आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना लागू आहे. आपल्याकडच्या एखाद्या नगरपालिकेच्या निविदेत काय लिहिले आहे, ते त्या निविदेतच वाचावे लागते. 2016 साली सुरू झालेल्या जेम या केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलबाबत इतकेच सांगतो, की तिथे नोंदवलेले माप आणि प्रत्यक्ष मालाचे माप यांत तफावत नसावी.

कार्यालयातले वागणे तालमीने येते. आमचे जुने हिशेबनीस शनिवारी दुपारी लिपिक होऊन बसतात आणि नव्या मुलाचे पत्र तीन वेळा परत करतात: कधी अधिकाऱ्याचे पूर्ण पदनाम नाही, कधी संदर्भात आदेशाचा क्रमांक नाही, कधी सहपत्रांची यादी नाही. समोरच्याला ‘भाऊसाहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणावे, पण पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक (पत्र मिळाल्याची कार्यालयीन नोंद) घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. ‘साहेबांशी बोलणे झाले’ हा अहवाल मी मान्य करत नाही. मी फक्त आवक क्रमांक विचारतो. राज्य शासनाची कार्यालये 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर चालतात, म्हणून शनिवारचे काम शुक्रवारीच उरकावे, आणि साताऱ्याला निघण्याआधी साहेब जागेवर आहेत का, हे फोन करून विचारावे. बैठकीला गेलेल्या अधिकाऱ्याची वाट पाहण्यात अख्खा दिवस जातो.

माल उतरवताना पावतीवर घेणाऱ्याची सही, नाव, पदनाम आणि शिक्का हवा. साठा नोंदवहीतील नोंद झाल्याची खात्री केल्याखेरीज देयक (बिल) पाठवू नये. करारमूल्य अडीच लाखांहून अधिक असेल तर शासकीय कार्यालय जीएसटीपोटी 2 टक्के रक्कम कापून घेते. ती जीएसटी पोर्टलवर जाऊन आपणच स्वीकारायची असते, अन्यथा पैसे तिथेच पडून राहतात. मार्चअखेरीस निधी परत जातो, म्हणून फेब्रुवारीतच सर्व देयकांची पोच फाइलला लागलेली असावी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते आणि केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रारही करता येते. हे कर्मचाऱ्याला ठाऊक असावे. तरी माझ्या मते आधी दोन नम्र स्मरणपत्रे जावीत, कारण पुढच्या वर्षी त्याच टेबलासमोर उभे राहायचे असते.

लाचेचा विषय टाळू नये. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि कर्मचाऱ्याने व्यवसायाच्या फायद्यासाठी पैसे दिले तर व्यवसायालाही दंड होतो. म्हणून ‘तू बघून घे’ हे वाक्य मालकाने नव्या मुलाला कधीही म्हणू नये. आम्ही दिवाळीचे मिठाईचे बॉक्ससुद्धा बंद केले. पहिल्या वर्षी थोडे अवघडल्यासारखे झाले, इतकेच. कोणी सूचक बोलले तर ‘मला हा अधिकार नाही, मालकांना विचारतो’ असे म्हणून बाहेर यायचे, मला फोन करायचा आणि झालेले बोलणे तारीख-वेळेसह वहीत लिहायचे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेला आहे.