तळे कोरडे आहे तोवर शिंपले खरवडा

दिवाळी उलटली, शेवटचा माल निघाला, आता पाणी तापू लागेपर्यंत तळी रिकामी. जंबुसर-आमोदच्या बाजूला ज्यांची झिंग्याची, म्हणजे कोळंबीची, तळी आहेत अशा बडोद्याच्या मराठी मंडळींना हा काळ सुट्टीचा वाटतो. मालक दांडिया बाजारात, तळे कावीकडे, मधला कारभार फोनवर. पण खाडी आणि तळे या दोघांनाही जपणारे एक काम याच महिन्यांत होते: परक्या शिंपल्यांचा शोध आणि बंदोबस्त.

“आपल्याकडे कसले शिंपले, पाणी बघा किती गढूळ,” असे उत्तर हमखास येते. त्यात तथ्य आहे. खंबायतच्या आखातात भरतीचा जोर प्रचंड, पाण्यात गाळ अफाट. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, ते पाहिलेल्या माणसाला हा जोर वेगळा सांगायला नको. गाळून खाणाऱ्या शिंपल्याला असे पाणी मानवत नाही. पण तुमचे तळे म्हणजे हे पाणी नव्हे. तळ्यात गाळ खाली बसतो, ओढ नसते, खाद्याच्या जोरावर हिरवे पाणी तयार होते. बाहेर तग न धरणाऱ्या पाहुण्याला आपणच आत घर बांधून देतो आणि दर पाणीबदलाला त्याची पिल्ले खाडीत सोडतो.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला नेमके हेच झाले. तिथेही भरती आठ मीटरपर्यंत चढते. 1999 साली काळ्या पट्ट्यांचा कॅरिबियन शिंपला सापडला तो उघड्या समुद्रात नव्हे, तर दारे लावून पाणी अडवलेल्या, नौका उभ्या करायच्या गोद्यांमध्ये. दारे बंद करून त्या पाण्यात क्लोरिन आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, ओतले. शिंपला संपला, सोबत तिथले इतर जीवही गेले. दारे होती म्हणून तरी हे जमले. खाडीला दार नसते. हाच शिंपला आपल्याकडे 1967 मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला, पुढे मुंबईतही. तिथून त्याला कोणी हटवू शकलेले नाही.

दुसरा पाहुणा चारू शिंपला, मूळचा अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा. 2019 च्या सुमारास केरळच्या खाड्यांमध्ये त्याची नोंद झाली. अष्टमुडी सरोवरात त्याने हिरव्या शिंपल्यांच्या आणि कालवांच्या जागा बळकावल्या. हे तेच सरोवर, जिथल्या तिसऱ्यांच्या, म्हणजे खाण्याच्या छोट्या शिंपल्यांच्या, मासेमारीला 2014 मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. चेन्नईजवळच्या एन्नोरचा अनुभव आपल्याला जास्त लागू पडतो, कारण तिथे त्याने खडक सोडून चिखल धरला. धाग्यांनी एकमेकांना चिकटून शिंपल्यांची चटई तयार झाली आणि हाताने कोळंबी पकडणाऱ्यांच्या जागा तिच्याखाली गेल्या.

आता हीच चटई मही किंवा ढाढर नदीच्या मुखाशी पसरली असे धरून चाला. आपल्या खाडीचे सगळे वैभव मऊ चिखलात आहे. लेवटा, म्हणजे कोकणातली निवटी, चिखलात बीळ करून राहतो. खेकड्यांची बिळे तिथेच. हिवाळ्यात उतरणारे मालगुजे आणि कुरल्या हे पक्षी लांब चोच चिखलात खुपसून किडे-अळ्या काढतात. चिखलावर कवचांचा थर बसला की बीळ बंद, चोच बंद. एखादा पक्षी शिंपले फोडून खाईल, पण सगळ्यांना ते जमत नाही. युरोपात वाडन समुद्रात पॅसिफिक कालव पसरले तेव्हा जुन्या शिंपल्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांना ते जाड, धारदार कवच फोडणे जड गेले.

पाण्यातले नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते मला अधिक धोक्याचे वाटते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात 1986 मध्ये आशियातला एक छोटा शिंपला आढळला. काही ठिकाणी चौरस मीटरला दहा हजारांवर इतकी त्याची दाटी झाली. त्याने पाणी गाळून वनस्पती-प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, इतके खाल्ले की उन्हाळ्यात पाणी हिरवे होणेच थांबले. मग प्राणी-प्लवंग घटले, त्यांच्यावर जगणारे मासे घटले. त्या शिंपल्याच्या अंगात सेलेनियम, म्हणजे जास्त झाले की विषारी ठरणारे मूलद्रव्य, साठते, आणि ते त्याला खाणाऱ्या बदकांत व स्टर्जन माशांत उतरते. आपल्याकडे नर्मदेच्या मुखातून भरूचकडे चढणारी मोदार-पालवा, म्हणजे हिल्सा, प्लवंगावरच वाढते. तिचे ताट आधीच लहान होत चालले आहे; त्यात आणखी एक वाटेकरी नको.

हे शिंपले येतात कुठून? दहेज बंदरात जहाजे येतात, पलीकडच्या किनाऱ्यावर अलंगला 1983 पासून जगभरची जुनी जहाजे फोडली जातात. जहाजांच्या तळाला आणि टाक्यांतल्या पाण्याला आपण काही करू शकत नाही. आपल्या हातातली वाट दुसरी आहे: स्वस्तात मिळालेला वापरलेला माल. आंध्र किंवा दक्षिण गुजरातमधून जुने एअरेटर (पाण्यात हवा खेळवणारी यंत्रे), पाइप, जाळ्या, खाद्य तपासायचे चेक-ट्रे ट्रकभर येतात. एअरेटरच्या तरंगत्या फ्लोटच्या खाचेत दोन-चार ओले शिंपले असले की पुरे.

तेव्हा सामान तळ्याजवळ उतरवूच नका. बांधापासून दूर, निचरा खाडीत जाणार नाही अशा जागी ठेवा. पंपाच्या पाइपच्या तोंडाची झडप, म्हणजे फूट-व्हॉल्व्ह, उघडून बघा, पाइपच्या जोडात बोट घालून बघा. निघालेले खरवडून खड्ड्यात पुरा. नुसते गोडे पाणी मारून भागत नाही. हे प्राणी कवच मिटून घेतात आणि गोड्या-खाऱ्याची अदलाबदल त्यांना सवयीची असते. लहान सामान 60 अंशांच्या पाण्यात बुडवा, मोठे निदान पंधरवडाभर कडक उन्हात पडू द्या. दोर आणि जाळीच्या गुंडाळ्या उलगडून वाळवा, आतली ओल टिकली तर शिंपलाही टिकतो.

तळ्याचा तळ भेगा पडेपर्यंत वाळवा हे सगळ्यांना ठाऊक आहे. चूक होते ती पाणी सोडण्याच्या दारापाशी. तिथला खड्डा आणि चारीचा तळ कधीच वाळत नाही. तो गाळ उपसा, ओल राहिली तर कळीचा चुना टाका. चुना आणि ब्लीचिंग एकाच वेळी मात्र नको, चुन्याने क्लोरिनची ताकद उतरते.

पाणी भरताना 60 मेशची जाळी लावली म्हणून निश्चिंत होऊ नका. तिची भोके सुमारे 250 मायक्रॉनची असतात. खेकड्याचे पिल्लू, माशाचे बी तिथे अडेल, पण शिंपल्याची कोवळी अळी सहज आत येते. म्हणून साठवण तळ्यात 60 पीपीएम (दहा लाख भागांत 60 भाग) ब्लीचिंग पावडर हवीच: एक हेक्टर, एक मीटर खोल पाण्याला 600 किलो. ती संध्याकाळी टाका, उन्हात क्लोरिन उडतो. नंतर एअरेटर चालवून, किटने तपासून क्लोरिन शून्य झाल्यावरच पाणी पुढे घ्या. उरलेले क्लोरिनचे पाणी खाडीत सोडणे म्हणजे डार्विनचा प्रयोग दाराशिवाय करणे. मोरचूदाच्या वाटेला जाऊच नका; तांबे गाळात बसते आणि कोळंबीला बाधते.

तळ्यात वाढवतो तो आपला व्हन्नामेई झिंगासुद्धा परकाच, 2009 पासून परवानगीने आलेला. बाहेर जाणाऱ्या दाराला दुहेरी जाळी ठेवा आणि मेलेला माल चारीत फेकू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू खाडीतल्या खेकड्यांना आणि रानटी कोळंबीलाही होतो. पाळण्याच्या हौसेने दुसऱ्या किनाऱ्यावरचे जिवंत शिंपले-कालव आणू नका.

संशयित शिंपला कसा ओळखावा? हिरव्या शिंपल्याच्या कडेला हिरवी झाक असते. चारू काळपट-तपकिरी, पातळ कवचाचा, आतून जांभळट. कॅरिबियन शिंपला नखाएवढा, उघडला की कवचाच्या टोकाशी आत एक छोटी फळी दिसते. शंका आली की बांधावरचे सगळे मारत सुटू नका, त्यात इथलीच कालवे आणि दगड-लाकडाला चिकटणारे कवचधारी बार्नॅकल असतात. पाच-दहा नग स्पिरिटमध्ये बुडवा, जागा आणि तारीख पेन्सिलने लिहून चिठ्ठी आतच टाका आणि जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात किंवा सीबाच्या (केंद्रीय खाऱ्या पाण्यातील मत्स्यपालन संशोधन संस्थेच्या) नवसारी केंद्रात दाखवा. जिवंत शिंपला पिशवीत घालून नेऊ नका.