जुन्या बराकीच्या कामाला हात घालण्याआधी

नाशिकजवळच्या देवळालीसारख्या लष्करी छावणीतली बराक नव्या वापरासाठी हाती आली, की नवखा आधी आराखडा काढायला बसतो. त्याआधी कागद बघा. छावणीत बरीच जमीन ‘ओल्ड ग्रँट’वर असते: जमीन सरकारची, धारकाचा हक्क फक्त वरच्या बांधकामावर. वापर बदलायला परवानगी लागते.

मग भिंती. ओल दिसली की वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावू नका. बाहेर रस्त्यावर थरावर थर चढून जोतं गाडलं गेलंय का, ते आधी तपासा. दुसरं कारण म्हणजे कुणीतरी सिमेंटनं भरलेल्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे. सिमेंटमधून ओल सुटत नाही, ती विटेतून वाट काढते, खार फुटतो. काही वर्षांत वीट भुगा होऊन आत जाते आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे उरते. असली भिंत हाताने चाचपून बघा; बोटाला पांढरी पूड लागते.

दर्जा छिन्नीनेच उकरा, ग्राइंडर लावला तर विटेच्या कडा जातात. खोली दर्जेच्या रुंदीच्या किमान दुप्पट हवी. कळीचा चुना विरवून, गाळून, निदान महिनाभर पाण्याखाली ठेवा. एक भाग चुन्याला वाळू आणि सुरखी (विटेची पूड) मिळून तीन भाग, पण आधी नमुन्याची पट्टी भरून बघा. भिंत भिजवून माल थराथराने दाबा आणि आठवडाभर ओली गोणपाटं टांगा. ही शेवटची पायरी ठेकेदार हमखास गाळतो, म्हणून रोज स्वतः जाऊन बघा. नाशकात या कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. एप्रिलच्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळतो. थंडीच्या लाटेत पारा पाचाखाली जाणार असेल तर काम थांबवा.

सागाच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, मधे सहसा शाबूत असतात. कुजतात त्या भिंतीत गेलेल्या टोकाशी. तिथे पेचकस टोचून बघा. कुजका भाग कापून मुरलेल्या सागाचा सांधा बोल्टने जोडा आणि टोकाभोवती बोटभर हवा खेळती ठेवा. अख्खी कैची बदलायची घाई नको.

वापर ठरवताना इमारतीचा कल ओळखा. लांब, आडभिंत नसलेल्या बराकीत वाचनालय किंवा प्रदर्शन सहज बसतं. प्रत्येक खोलीला न्हाणीघर लागणारं लॉज मात्र तिला मारतं, कारण नळ जुन्या भिंतीत शिरतात. स्वच्छतागृह वेगळं, बाहेर बांधा. फॉल्स सीलिंगही नको: फुटक्या कौलाची गळती त्यावर साचत राहते आणि कळते तेव्हा वासा गेलेला असतो.