पाऊस लागायच्या आधी: वर्षावनी किनारपट्टीतल्या बागायतदारांसाठी

समुद्रावरून आलेलं बाष्प मागच्या डोंगराला अडतं, वर चढून थंड होतं आणि तिथंच कोसळतं. ऑस्ट्रेलियातल्या टली या छोट्या गावात वर्षाकाठी सरासरी ४,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. १९५० साली तर तो ७,९०० मिमीच्या आसपास गेला होता. अशा पट्ट्यात पाणी देण्यापेक्षा पाणी काढून देणं हीच खरी शेती.

हिशोब सोपा आहे. १०० मिमी पाऊस झाला की हेक्टरभर जमिनीवर १० लाख लिटर पाणी पडतं. तुम्ही वाट दिली नाही तर ते आपली वाट करून घेतं आणि जाताना माती नेतं. म्हणून चर आत्ताच उपसा. चर उताराला आडवे आणि हलक्या ढाळाचे ठेवा, तोंडाशी दगड रचा किंवा गवत राखा. आलं, हळद, पपई गादीवाफ्यावरच लावा. पपईच्या बुडात दोन दिवस पाणी तुंबलं की झाड हातचं गेलं.

आता मातीचं. जंगल एवढं गर्द, म्हणजे जमीन कसदार असणार, हा समज अनेकांना महागात पडतो. तिथला बराचसा कस झाडांत आणि कुजणाऱ्या पाचोळ्यात असतो. जंगल तोडलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश पावसाबरोबर धुऊन जातात आणि जमीन आम्ल होते. माती तपासून घ्या. चुना घालायचा तो अहवालाप्रमाणे, अंदाजाने नव्हे. युरियासोबत तर मुळीच नको, नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. खतं चार-पाच हप्त्यांत, उघडीप बघून द्या. पाचोळा जाळू नका, आळ्यात पसरा; फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा.

नारळ, सुपारी, मिरी असेल तर झड लागण्यापूर्वी १ टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, फवारा. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची घ्या. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता, उलट नाही. स्वच्छ लोखंडी पातं बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी संपवा.

वाऱ्यात सगळ्यात आधी केळी आडवी होते, कारण तिची पानं शिडासारखी वारा धरतात. २०११ मध्ये यासी चक्रीवादळ येण्याआधी टलीच्या भागात काही बागायतदारांनी पानं छाटून टाकली होती. छाटलेल्या झाडांचं उत्पादन लांबतं, पण खोड उभं राहण्याची शक्यता वाढते. मात्र वादळाचा इशारा पक्का झाल्याशिवाय कोयता लावू नका. किनाऱ्याकडची वारारोधक झाडं, त्यांची सावली पडत असली तरी, कधीच तोडू नका. आणि नुसता खारा वारा झोंबून पाऊस आलाच नाही, तर त्याच दिवशी रोपांची पानं गोड्या पाण्याने धुवा.