बलुच सशस्त्र गटावर प्रबंध लिहायला घेताय? मग हे आधी वाचा

दरवर्षी जून-जुलैत दोन-चार जणांचे तरी निरोप येतात. "ताई, बलुचिस्तानवर प्रबंध करायचाय, सुरुवात कुठून करू?" संरक्षण व सामरिकशास्त्राला प्रवेश घेतलेल्या मुलांना हा विषय ओढून घेतो, यात नवल नाही. मलाही ओढून घेतलं होतं. प्रत्येकाला तुटक-तुटक सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

मी निवडला होता बलुच रिपब्लिकन आर्मी हा गट. निवडण्याचं कारण सांगते, कारण चूक तिथेच झाली. या गटाला आरंभ होता आणि शेवटही होता, निदान मला तसं वाटलं. २६ ऑगस्ट २००६ ला बुगटी टोळीचे प्रमुख नवाब अकबर खान बुगटी कोहलूच्या डोंगरात, एका गुहेत, लष्करी कारवाईत मारले गेले आणि त्यानंतर हा गट नावारूपाला आला. ११ जानेवारी २०२२ ला गट विसर्जित केल्याची घोषणा झाली. दोन्ही टोकं पक्की, मधली पंधरा वर्षं भरून काढायची. प्रबंधासाठी याहून सोयीचं काय असणार? ही दोन्ही टोकं कच्ची आहेत हे कळायला मला आठ महिने लागले.

पहिलं टोक आधी घेऊ. एखादा गट एका माणसाच्या मृत्यूतून जन्मतो असं लिहिलं की प्रकरण झकास उघडतं, पण मग पुढचं काहीच उलगडत नाही. बलुचिस्तानातलं कलात संस्थान मार्च १९४८ मध्ये पाकिस्तानात विलीन झालं आणि त्याच वर्षी खानाच्या भावाने, प्रिन्स अब्दुल करीमने, बंड केलं. पुढे १९५८, मग साठचं दशक, मग १९७३ ते १९७७. आपल्या गटाची कथा या साखळीतल्या पाचव्या कडीची आहे. आणि जे अकबर बुगटी पुढे हुतात्म्याच्या जागी बसले, तेच १९७३ मध्ये बलुचिस्तानचे राज्यपाल होते. केंद्राने अताउल्ला मेंगल यांचं प्रांतिक सरकार बडतर्फ केलं आणि त्याच केंद्राने नेमलेले राज्यपाल म्हणून बुगटींनी कारभार हाती घेतला. मर्री टोळीच्या डोंगरात लष्कर शिरलं ते त्याच वर्षी. १९८९ मध्ये ते मुख्यमंत्रीही झाले. हा माणूस आयुष्यभर फुटीरतावादी होता असं लिहिलंत, तर पहिल्याच पानावर घसरलात.

मग २००५-०६ मध्ये असं काय बिघडलं? इथे मात्र थांबून वाचा, घाई करू नका. डेरा बुगटी जिल्ह्यातल्या सुई इथे १९५२ मध्ये नैसर्गिक वायू सापडला. तो कराचीला गेला, पंजाबात गेला. खुद्द क्वेट्ट्याला मिळायला ऐंशीचं दशक उजाडलं, आणि सुईच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांत चुली लाकडावरच पेटत राहिल्या. ही सल जुनीच होती. जानेवारी २००५ मध्ये सुईच्या वायूप्रकल्पातल्या रुग्णालयात एका महिला डॉक्टरवर बलात्कार झाला. संशय एका लष्करी अधिकाऱ्यावर होता, आणि त्याला पाठीशी घातलं जातंय या भावनेने बुगटी टोळीवाले पेटून उठले. मार्चमध्ये डेरा बुगटी शहरात तोफा-रॉकेटं चालली. तिथल्या हिंदू मोहल्ल्यातली कितीतरी माणसं, त्यात बायका आणि मुलं, त्या दिवशी गेली. त्यानंतर म्हातारे नवाब डोंगरात गेले, आणि पुढच्या वर्षी ती गुहा. वायू, अब्रू, टोळीचा मान, परवेझ मुशर्रफ यांच्या लष्करी राजवटीचा हट्ट, यातला एकही धागा सोडू नका.

इथेच मी आणखी एक चूक केली आणि ती तुम्हीही हमखास कराल, कारण आपण मराठी आहोत. पानिपतावर पकडलेले मराठे अब्दालीने कलातच्या मीर नसीर खानाला दिले आणि त्यांचे वंशज आजही बुगटी टोळीत नांदतात, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेली असते. मी पहिल्या प्रकरणात त्यावर सहा पानं लिहिली होती. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं, हे खोटं नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ती सहाच्या सहा पानं आडवी रेघ मारून परत दिली. म्हणाल्या, "हे तुझ्यासाठी आहे, विषयासाठी नाही. या गटात माणूस का भरती झाला, याचं यातून एक तरी उत्तर मिळतं का?" मिळत नव्हतं. ती पानं मी जपून ठेवली आहेत. तो वेगळा अभ्यास आहे आणि तो कुणीतरी जीव लावून करायलाच हवा, पण सशस्त्र गटाच्या प्रबंधात त्याला जागा नाही.

आता दुसरं टोक, म्हणजे विसर्जन. उर्दू बातम्यांत त्याला 'तहलील' असा शब्द होता. दोन संघटना तहलील करून एक नवी उभी केली, बलुच नॅशनलिस्ट आर्मी, अशी ती घोषणा. त्या दोन म्हणजे आपली रिपब्लिकन आर्मी आणि युनायटेड बलुच आर्मी. मी आनंदाने आलेखावरची रेघ २०२२ ला संपवली. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "विसर्जन केलं कुणी?"

या प्रश्नाने माझा सगळा आराखडा मोडला, आणि तो मोडला म्हणूनच प्रबंध उभा राहिला. रिपब्लिकन आर्मीचं नाव कायम जोडलं गेलं ते अकबर बुगटींचे नातू ब्रहमदाग बुगटी यांच्याशी. ते २०१० पासून स्वित्झर्लंडमध्ये राहतात, बलुच रिपब्लिकन पार्टी चालवतात आणि सशस्त्र गटाशी आपला संबंध नसल्याचं सांगतात. २०२२ च्या विसर्जनामागे मात्र ते नव्हते. ते केलं पंजगूरच्या गुलजार इमाम यांच्या फळीने, आणि ही फळी २०१८ मध्येच मूळ गटातून फुटलेली होती. युनायटेड बलुच आर्मीचंही तेच. मर्री घराण्यातल्या भावाभावांच्या दुराव्यातून, २०१० च्या सुमारास, बलुच लिबरेशन आर्मीतून ती निघाली. २०२२ ला नव्या गटात गेली ती सरफराज बंगुलझई यांची फळी. म्हणजे फुटून निघालेल्या दोघांनी मूळ घराची पाटी उतरवली. पाटी उतरवायचा अधिकार त्यांना होता का, हा वाद ज्याने त्याने आपापल्या बाजूने सोडवला. तुम्ही निकाल देऊ नका. वाद होता, एवढं नीट मांडा.

माझं मत विचाराल, तर या फुटीचं मूळ मी भूगोलात शोधते. सुरुवातीचं बंड डेरा बुगटी-कोहलूच्या डोंगरांतलं, सरदाराच्या शब्दावर चालणारं. पुढे त्याचं वजन दक्षिणेकडे मकरानात सरकलं, पंजगूर, तुर्बत, ग्वादर या पट्ट्यात. तिथे सरदारांचा पगडा कमी, शिकलेला मध्यमवर्ग जास्त, विद्यार्थी चळवळीतून आलेली पोरं जास्त. २०१५ ला चीनबरोबरच्या आर्थिक मार्गिकेचे करार झाले आणि ग्वादर बंदर सगळ्यांच्या तोंडी आलं. त्याच वर्षी ब्रहमदाग यांनी एका मुलाखतीत वाटाघाटींची तयारी दाखवली. युरोपात बसलेला वारस आणि पंजगूरच्या डोंगरातला कमांडर यांचं पुढे किती दिवस जमणार होतं? नकाशा भिंतीवर लावा आणि घटनांच्या टाचण्या वर्षानुसार रंग बदलून टोचा. मी हे फार उशिरा केलं.

कामाची पद्धत सांगते. एक वही किंवा तक्ता करा. तारीख, ठिकाण, कुणाच्या नावाने जबाबदारी घेतली, प्रवक्त्याचं नाव, सरकार काय म्हणालं, कोण मेलं. 'कुणी घेतली' आणि 'कुणी केलं' हे दोन रकाने चुकूनही एक करू नका. एप्रिल २०१४ चं उदाहरण घ्या. ८ तारखेला सिबी स्थानकात रेल्वेगाडीत स्फोट झाला, ९ तारखेला इस्लामाबादच्या भाजी मंडईत. दोन्हींची जबाबदारी युनायटेड बलुच आर्मीने घेतली. मंडईचा दावा मात्र पाकिस्तानच्या गृहखात्याने फेटाळला. दावा करणाऱ्याला आपली ताकद फुगवायची असते, फेटाळणाऱ्याला झाकायची असते, आणि दोघांच्या मध्ये आपण बसलेलो असतो.

प्रवक्त्याच्या रकान्याने मला फार हात दिला. युनायटेड बलुच आर्मीच्या वतीने बोलणारं नाव होतं मुरीद बलुच. २०२२ ला नवा गट जाहीर झाला तेव्हाही खाली नाव मुरीद बलुच. हे टोपणनाव आहे, त्यामागे तोच माणूस असेल किंवा दुसराही. पण विसर्जित झालेल्या गटाचा आवाज नव्या गटात जिवंत आहे, हे त्या एका शब्दाने दाखवून दिलं. घोषणेनंतर नऊ दिवसांनी लाहोरच्या अनारकली बाजारात स्फोट झाला, तीन माणसं गेली, त्यात एक लहान मूल होतं. जबाबदारी घेतली नव्या नावाने. माझी २०२२ ला संपलेली रेघ अशी नऊ दिवसांत पुन्हा सुरू झाली.

उर्दू शिकल्याशिवाय या विषयात पडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. उर्दूची नस्तालिक लिपी रोज तासभर दिली तर चार महिन्यांत वाचता येते, मला तेवढेच लागले. इंग्रजी बातमीत जो नुसता 'मिलिटंट' असतो, तो सरकारी उर्दूत 'कालअदम तंजीम'चा म्हणजे बंदी घातलेल्या संघटनेचा असतो, शरण आला की 'फरारी' म्हणून मोजला जातो, आणि स्वतःला 'सरमचार' म्हणजे जीव पणाला लावणारा लढवय्या म्हणवतो. रिपब्लिकन आर्मीवर पाकिस्तानने सप्टेंबर २०१० मध्ये बंदी घातली. त्याआधीच्या आणि नंतरच्या बातम्या शेजारी ठेवून वाचा, शब्द कसे बदलले ते दिसेल. प्रबंधात मी सगळीकडे 'सशस्त्र गट' लिहिलं आणि निरपराधांवर हल्ला झाला तिथे तो दहशतवादी हल्ला होता असं स्पष्ट लिहिलं. तुमचा शब्द तुम्ही निवडा, पण पहिल्या पानावर कारण देऊन निवडा.

मे २०१५ मध्ये मस्तुंगजवळ बसमधून उतरवून पश्तून प्रवाशांना गोळ्या घातल्या गेल्या, वीसहून अधिक माणसं. जबाबदारी युनायटेड बलुच आर्मीने घेतली. ती नोंद करताना मी वही मिटून बाहेर गेले होते. आणि त्याच वहीत दुसऱ्या बाजूला बेपत्ता झालेल्यांची, म्हणजे सुरक्षा दलांनी उचलून नेल्याचा आरोप आहे अशा माणसांची, पानं होती. मामा कदीर नावाचा म्हातारा बाप, ज्याच्या मुलाचं प्रेत २०११ मध्ये सापडलं, तो २०१३ च्या ऑक्टोबरात क्वेट्ट्याहून पायी निघाला, कराची करून २०१४ च्या फेब्रुवारीअखेर इस्लामाबादला पोचला. बरोबर बेपत्तांच्या लेकीबाळी. तुमच्यातल्या काहींना पहिली पानं बोचतील, काहींना दुसरी. दोन्ही बोचत राहिली पाहिजेत. पाकिस्तानचं नुकसान होतंय म्हणून मस्तुंगच्या बसमधल्या माणसांकडे पाठ फिरवावीशी वाटली, तर त्या दिवशी लिहू नका. दुसऱ्या दिवशी लिहा.

घरी आणि मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो, कुलभूषण जाधवांचा. मार्च २०१६ ला त्यांची अटक जाहीर झाली. पाकिस्तान म्हणतो बलुचिस्तानात पकडलं, भारत म्हणतो इराणमधून पळवून नेलं. जुलै २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला त्यांच्या शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. एवढंच ठामपणे सांगा आणि थांबा. गोपनीय काही माहीत असल्याचा आव आणणारी मुलं मुलाखतीत पडतात, मी समोर बसून पाहिलंय.

काही व्यवहाराच्या गोष्टी. या गटांच्या प्रचारफिती उतरवून घेऊ नका, कुणाला पुढे पाठवू नका, डोंगरातल्या कुणाशीही संपर्क साधायचा प्रयत्न करू नका. पाकिस्तानातल्या पत्रकाराला वा विद्यार्थ्याला थेट प्रश्न पाठवून त्याला अडचणीत आणू नका. आपल्या एका निरोपाची किंमत त्याने मोजायची, हे बरं नाही. छापील वृत्तपत्रं, तिथल्या मानवी हक्क आयोगाचे अहवाल, इस्लामाबादच्या संशोधन संस्थांचे वार्षिक अहवाल, एवढ्यावर एम.ए. नव्हे, पीएच.डी.सुद्धा उभी राहते. नेट परीक्षेत आपला स्वतंत्र विषय आहे, ती प्रबंधाच्या वर्षीच उरकून टाका. अभ्यासगट आणि वृत्तसंस्थांत सुरुवातीचा पगार बेताचा असतो. मला पहिल्या नोकरीत घेतलं ते उर्दू वाचता येतं म्हणून, प्रबंधाचं पान कुणी उलटलंही नव्हतं.

प्रबंध दिल्यानंतरही मी तो तक्ता भरत राहिले. एप्रिल २०२३ मध्ये गुलजार इमाम पकडले गेल्याचं पाकिस्तानी लष्कराने जाहीर केलं, मे महिन्यात क्वेट्ट्यात त्यांना पत्रकारांसमोर बसवलं आणि त्यांनी माफी मागितली. त्याच वर्षी २० डिसेंबरला सरफराज बंगुलझई यांनी सुमारे सत्तर साथीदारांसह शस्त्रं ठेवल्याचं क्वेट्ट्यातच जाहीर केलं. म्हणजे २०२२ ला गट विसर्जित करणारे दोघेही वर्ष-दोन वर्षांत सरकारच्या ताब्यात. ती नोंद लिहिली आणि त्याच तारखेची दुसरी नोंद करायला घेतली. २० डिसेंबरलाच तुर्बतहून निघालेला बलुच बायकांचा मोर्चा, कार्यकर्त्या महरंग बलुच यांच्या पुढाकाराने, बेपत्तांचे फोटो छातीशी धरून इस्लामाबादला पोचला होता, आणि त्या रात्री पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवून, पाण्याचे फवारे मारून त्यांना अटक केली. माझ्या तक्त्यात मोर्च्यासाठी रकानाच नव्हता. त्या रात्री मी तो आखला आणि २०१३ च्या ऑक्टोबरपासून मागे जाऊन भरायला बसले.