मॅक्रोतील लेबल : सीमाभागातील नवोदितांसाठी काही अनुभव

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी शाळांतून दहावी करून पुढे अभियांत्रिकीला गेलेल्या मुलांना मी सुट्टीत बेळगावात असेंब्ली भाषा (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याची भाषा) शिकवतो, आणि मॅक्रोच्या, म्हणजे नाव दिलेल्या सूचनांच्या तुकड्याच्या, धड्यात त्यांची गाडी हमखास एकाच ठिकाणी अडते. मॅक्रो एकदा वापरला तर प्रोग्रॅम बिनचूक चालतो. तोच दुसऱ्यांदा वापरला की असेंब्लर (या भाषेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) ‘सिम्बॉल रीडेफिनिशन’, म्हणजे एकच नाव दोनदा दिले, म्हणून अडून बसतो.

प्रोसिजरचा कोड मेमरीत एकदाच असतो आणि कॉल करून आपण तिथे जातो. मॅक्रोचा मजकूर मात्र, जिथे जिथे त्याचे नाव लिहाल तिथे तिथे, असेंब्लर जसाच्या तसा उतरवतो. त्यामुळे त्यातले लेबल, म्हणजे उडी मारण्याच्या जागेला दिलेले नाव, तेही दुसऱ्यांदा उतरते आणि एकाच नावाच्या दोन जागा तयार होतात.

हेक्स (सोळा-आधारी) अंकाचा आस्की, म्हणजे अक्षराचा संकेतांक, करण्याचा नेहमीचा मॅक्रो घ्या. एएल या रजिस्टरची तुलना दहाशी करायची, तो लहान असेल तर जेबी या उडीच्या सूचनेने पुढच्या लेबलवर जायचे, नसेल तर ७ मिळवायचे, आणि त्या लेबलवर ३० हेक्स मिळवायचे. मॅस्म या असेंब्लरमध्ये मॅक्रोच्या अगदी पहिल्या ओळीत लोकल लिहून हे लेबल जाहीर केले की असेंब्लर प्रत्येक वापराला ??००००, ??०००१ अशी वेगळी नावे देतो. नॅस्म या दुसऱ्या असेंब्लरमध्ये लेबलाच्या आधी %% लावले की तेच काम होते. लिस्टिंग फाइल (असेंब्लरने तयार केलेले बाइट सोर्सच्या ओळींशेजारी दाखवणारी) उघडून हे प्रत्यक्ष पाहाच, कारण तिथे लेबलाचे नाव दर वेळी बदललेले दिसते, पण जंपचे बाइट ७२ ०२ असेच राहतात. उडी सापेक्ष असते, म्हणजे तिच्यात जागेचा पत्ता नसून किती बाइट पुढे-मागे जायचे तेवढेच असते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा इथे लवकर पटते.

याच मॅक्रोत दुसरी अडचण दडलेली आहे आणि तिच्याकडे माझ्या मते फार कमी लक्ष दिले जाते. यातल्या चारही सूचना दोन-दोन बाइटच्या, म्हणजे प्रत्येक वापराला आठ बाइट लागतात. तो एका लूपमध्ये सोळा वेळा लिहिला तर १२८ बाइट झाले आणि लूप सूचनेचे स्वतःचे दोन धरून मागची उडी १३० बाइटांची झाली, तर १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरमध्ये ही उडी मागे १२८ पर्यंतच जाते. सोर्समध्ये सोळाच ओळी दिसत असल्याने दोष कुठे आहे हे मुलांना उमगत नाही. अशा वेळी लूपची मोजणी ठेवणारा सीएक्स रजिस्टर एकने कमी करावा, उलट अटीच्या छोट्या उडीने बाहेर पडावे आणि मागे जाण्यासाठी साधा जेएमपी (बिनअटीची उडी) वापरावा.

ग्नू असेंब्लरमध्ये १: असे आकडी लेबल देऊन १एफने पुढे व १बीने मागे जाता येते. ते सोयीचे आहे, पण मॅक्रोच्या आत दुसरा मॅक्रो असेल आणि त्यातही १: असेल, तर बाहेरची १एफ उडी आतल्या लेबलावर जाऊन पडते, आणि असेंब्लर त्याबद्दल एक अक्षरही काढत नाही. म्हणून तिथे लेबलाच्या नावाला \@ जोडावे; तो आकडा प्रत्येक विस्ताराला बदलतो.