मॉडिफाय केलेली वेगवान गाडी विकताना या चुका टाळा

ऑक्टाव्हिया व्हीआरएस, पोलो जीटी टीएसआय किंवा क्वचित एखादी मस्टँग घेणाऱ्यांसाठी मी पुण्यात जुन्या गाड्या तपासून देतो आणि त्या निमित्ताने विकणाऱ्यांचे हिशेब सतत ऐकतो. त्यांतली सर्वांत चिवट चूक म्हणजे मॉडिफिकेशनचा खर्च गाडीच्या किमतीत मिळवणे. जुन्या गाडीचा भाव मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि अवस्था यांवर ठरतो. कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकनकारही एवढेच पाहतो. विम्यातही तेच घडते. चौथे वर्ष पूर्ण होऊन पाचवे चालू झाले की गाडीचे विमामूल्य कंपनीच्या दरपत्रकातील किमतीतून ५० टक्के वजा करून काढले जाते आणि जे सामान पॉलिसीत वेगळे नोंदवलेले नसते, त्याची किंमत त्यात धरलीच जात नाही. गाडी चोरीला गेली तर महागड्या कॉइलओव्हरचे (उंची कमी-जास्त करता येणाऱ्या सस्पेन्शनचे) पैसे जिथे विमा कंपनी देत नाही, तिथे अनोळखी ग्राहकाने ते का द्यावेत?

या चुकीला जोडूनच येणारी आणि अधिक महाग पडणारी चूक म्हणजे मूळ सामान टाकून देणे. एका व्हीआरएस २३० च्या मालकाने गाडी घेतल्यावर पहिल्या सर्व्हिसिंगचीही वाट न पाहता डाउनपाइप (टर्बोमागचा धुराचा पाइप), हवा आत घेणारा इनटेक, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग आणि मोठे अलॉय असे सगळे बसवून घेतले होते. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह मूळ पाइप ‘जागा अडवतो’ म्हणून गॅरेजवाल्यालाच देऊन टाकला होता. विकताना त्याच्या हातात साडेपाच लाखांच्या बिलांची नीटनेटकी फाईल होती आणि मागणी होती बाजारभाव अधिक त्यातील निम्मी रक्कम. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांना गाडी मनापासून आवडली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मूळ सामान आहे ना?” ते नव्हते. नवा पाइप कंपनीकडून मागवण्याची किंमत आणि त्यासाठीची प्रतीक्षा कळल्यावर डॉक्टर परत गेले. अखेरीस गाडी एका हौशी मुलाने घेतली आणि तीही तशाच न छेडलेल्या गाडीपेक्षा कमी भावात, कारण त्याला स्प्रिंग आणि अलॉय दुसऱ्याच कंपनीचे हवे होते. मॉडिफिकेशनची हौस असलेल्या ग्राहकाला स्वतःच्या पसंतीची गाडी करायची असते आणि हौस नसलेल्याला ती कारखान्यातून निघाली तशी हवी असते. त्यामुळे दुसऱ्याच्या हौशीचे पैसे द्यायला कोणीच तयार नसतो. व्हीआरएस २४५ भारतात फक्त २०० विकल्या गेल्या. तशा गाडीचे मूळ भाग भंगारात घालणाऱ्यांना मी आता समजावणेही सोडून दिले आहे.

माझी सवय अशी की, काढलेला प्रत्येक भाग पुसून, त्याचे बोल्ट पिशवीत घालून, पिशवीवर नाव लिहून मी माळ्यावर ठेवतो. विकण्याआधी मूळ सामान पुन्हा बसवतो आणि काढलेले सामान हौशी लोकांना वेगळे विकतो. त्याची निम्मी किंमत आली तरी ती गाडीसोबत मिळणाऱ्या शून्यापेक्षा जास्तच असते.

दुसरी चूक लबाडीची आहे. इंजिनाचे रिमॅप करून घ्यायचे, म्हणजे त्याच्या संगणकातील फाईल बदलून ताकद वाढवायची, चार वर्षे मजा करायची आणि विकण्याच्या आदल्या दिवशी हे काम करणाऱ्या ट्यूनरकडून मूळ फाईल परत टाकून घ्यायची, हा शॉर्टकट शिकवणारे बरेच भेटतात. ऑक्टाव्हिया, पोलो अशा फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा संगणक) किती वेळा फ्लॅश झाला, म्हणजे त्यात नवी फाईल किती वेळा टाकली गेली, याची नोंद राहते आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये फेरफार उघड झाला, तर कंपनीच्या प्रणालीत त्या गाडीवर टीडी१ हा फेरफार केल्याचा शेरा बसू शकतो. एरर कोड पुसले की उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्याही अपूर्ण दिसू लागतात. रोज चालणाऱ्या गाडीत त्या सगळ्याच अपूर्ण दिसल्या, की मी बॉनेट उघडण्याआधीच ग्राहकाला सावध करतो. पोलो जीटीच्या १.२ टीएसआयमध्ये तर संशयाला आणखी जागा आहे, कारण इंजिन मुळात १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादा २५० ची आहे. रिमॅपने हे अंतर बरेच कमी होते आणि क्लच किती झिजला असेल, हा प्रश्न लगेच भावात उतरतो.

त्यापेक्षा रिमॅप कोणी केले, कधी केले आणि कोणत्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केले, हे कागदावर द्यावे. ९७ ऑक्टेनसाठी बनवलेली फाईल पुण्यात चालून जाते. ज्या तालुक्यात तसे पेट्रोलच मिळत नाही, तिथल्या ग्राहकाला हे आधी कळणे त्याचा हक्क आहे.

बाकीच्या चुकांना इतकी जागा देण्याची गरज नाही. कापलेल्या स्प्रिंगची गाडी मी तपासायलाच घेत नाही. सीटमधील एअरबॅग काढून बकेट सीट बसवणाऱ्याने आणि एअरबॅगचा इशारा देणारा दिवा पेटू नये म्हणून वायरीत रेझिस्टर घालणाऱ्याने विक्रीची भाषाच करू नये. काचांवरील काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे, तेव्हा गाडी दाखवण्याआधी ती उतरवावी. रंग बदलला असेल तर आरसीवर तोच रंग असल्याची खात्री करावी, कारण तिथे विसंगती दिसली की गाडी नावावर करून घेणाऱ्याचा आरटीओत खोळंबा होतो. मूळ बनावटीशी विसंगत बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जाहिरातीत ‘आवाज ऐकूनच प्रेमात पडाल’ असे लिहिणाऱ्यांनी तो सायलेन्सर उतरवून मगच फोटो काढावेत.