अरुंद डक्टमधला वारा मोजताना

डक्टमध्ये (हवा वाहून नेणाऱ्या बंद मार्गात) हात जात नाही तिथे 100 मिमीचा पंखावाला अ‍ॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) कामाचा नाही. तो स्वतःच निम्मी वाट अडवतो. तिथे लांब, बारीक दांडीचा हॉट-वायर अ‍ॅनिमोमीटर घ्या; त्यातली तापलेली तार वाऱ्याने किती थंड होते त्यावरून वेग कळतो. टोकाशी छोटी खिडकी असते, तिच्यातून वारा आरपार जायला हवा. दांडीवरचा बाण वाऱ्याच्या दिशेने आहे ना, ते बघा. दांडी हळूहळू फिरवत आकडा सर्वांत जास्त कुठे येतो ते पाहिलं, की बहुतेक वेळा तीच योग्य दिशा.

पिटो ट्यूब (वाऱ्याच्या दाबावरून वेग काढायची नळी) वेग जास्त असेल तरच वापरा. सेकंदाला 10 मीटर वेगाला सुमारे 60 पास्कल दाब मिळतो, पण 2 मीटरला जेमतेम 2.4. एवढ्याशा दाबावर साध्या मॅनोमीटरचा (पिटोला जोडलेल्या दाबमापकाचा) काय भरवसा! धूळ किंवा तेलकट वाफ असेल तर मात्र पिटोच बरी, कारण हॉट-वायरवर थर बसला की आकडा कमी येतो.

मॅनोमीटर ज्या स्थितीत धरून वाचणार, त्याच स्थितीत दोन्ही नळ्या काढून शून्यावर आणा. काही मॅनोमीटर नुसते आडवे केले तरी आकडा सरकतो. नळीला कुठे मुरड पडली नाही ना, हेही बोटाने चाचपून घ्या. अडचणीच्या जागी हीच खोड जास्त.

दांडी किंवा पिटो आत घालायचं छिद्र डक्टच्या वळणाला खेटून पाडू नका. जमल्यास वळणानंतर डक्टच्या व्यासाच्या सात-आठ पट अंतर सोडा. तेवढी जागा नसेल तर आडव्या छेदात जास्त ठिकाणी वेग मोजून सरासरी काढा.